जुन्या रायफलीला मानवलेली गोळी

आमच्या दुकानात येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "ताई, पॉवरवालं द्या." कपाशीवर मावा असो, तुडतुडा असो, नाहीतर नुसतं पान पिवळं पडलेलं असो, औषध पॉवरवालंच पाहिजे. आर्णीला आमचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीचं औषध विकतो, आणि मी गल्ल्यामागे बसून वर्षानुवर्षं हे वाक्य ऐकते आहे. मी विचारते, "पिकावर काय हाये ते तं सांगा." तर म्हणतात, "तुम्ही पॉवरवालं द्या ना, बाकी आमी पाहून घेतो." एकानं भागलं नाही की दोन-तीन औषधं एकाच पंपात ओततात. त्यावरून मी किती जणांशी भांडले असेन त्याला गणती नाही. आमचे हे म्हणतात, गिऱ्हाईक आपल्याकडे औषध घ्यायला येतं की बोलणी खायला, तेच कळत नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं, की रायफलीची गोळी निवडताना आमच्या रायफल क्लबनं हेच दोन घोटाळे केले. आधी सगळं एकात ओतलं, आणि मग पॉवरवालं मागितलं. त्यापायी माझी रायफल जाता जाता राहिली.

माझी म्हणजे क्लबची. पण थोडं मागून सांगते. कॉलेजात असताना मी खाकी घालून परेड करत होते. तिथल्या एका छावणीत पहिल्यांदा पॉइंट टू टू रायफल हातात आली. पालथं पडून, पट्टा दंडाला आवळून, श्वास अर्ध्यावर धरून मी पहिली गोळी मारली आणि मला कळलं की हे आपलं काम आहे. स्वयंपाक येतो, हिशेब येतो, भांडण तर उत्तम येतं, पण असं आतून शांत वाटणं दुसऱ्या कशात नव्हतं. मग लग्न झालं, दुकान आलं, पोरं झाली, आणि रायफल सुटली. कोणी सोड म्हटलं नाही. पुन्हा जातेस का, असं कोणी विचारलंच नाही, हाच काय तो त्रास.

पोरं शिकायला बाहेर गेल्यावर कानावर आलं की यवतमाळला रायफल क्लब आहे. मी दर रविवारी सकाळची एसटी धरून जायला लागले. ह्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं, "जाय बापा, पण तिकडचा राग घेऊन घरी नको येऊ, तुयाजवळ आता हत्यार हाये." गावातल्यांना एकच शंका होती. "ताई, रानडुकरं मारायचं शिकून राह्यल्या का?" मी म्हणायचे, डुकरं नाही, कागद मारते. मग ते आपापसात हसायचे.

क्लब म्हणजे काय, टेकडीखालची एक बंद पडलेली दगडाची खदान. समोर दगडाची उभी भिंत, त्यामुळे गोळी कुठं जायची भीती नाही. अलीकडे पत्र्याचं शेड, एक लोखंडी कपाट आणि चटया. शाळकरी पोट्टे छऱ्याच्या बंदुकीवर शिकायचे, दोन-तीन जण पिस्तूलवाले होते, आणि पॉइंट टू टू रायफल एकच होती. जुनी, जड, दस्त्याचं पॉलिश उडालेलं, खांद्याला टेकतो तिथं चिकटपट्टी गुंडाळलेली. मला ती पाहता क्षणी आवडली. स्वतःची रायफल घ्यायची तर परवान्याची भानगड आणि किंमत अशी की दुकान गहाण टाकावं लागेल. म्हणजे माझ्यासाठी जगात हीच एक रायफल होती. ती गेली की माझं नेम धरणं दुसऱ्यांदा सुटणार होतं.

क्लबचे सचिव म्हणजे सुभेदारसाहेब. फौजेतून निवृत्त झालेले, उमरखेडकडचे, शेती मुलाकडे देऊन यवतमाळला राहिलेले. मी त्यांना "जयभीम साहेब" म्हणायचे, ते "जयभीम बाई" म्हणून टाचा जुळवायचे. मनानं सोन्यासारखा माणूस, पण चिक्कू. सुतळीचा तुकडा टाकून द्यायचे नाहीत. रविवार संपला की ज्याच्या ज्याच्या उरलेल्या गोळ्या असतील त्या गोळा करायचे आणि घरून आणलेल्या स्टीलच्या लाडवाच्या डब्यात टाकायचे. कोणत्या खोक्यातली, कोणत्या कंपनीची, नवी की जुनी, काही विचार नाही. पुढच्या रविवारी त्याच डब्यातून मूठभर सगळ्यांना. "गोळी ते गोळी," म्हणायचे. अन्नाचा कण वाया घालवू नये तशी त्यांची ती श्रद्धा होती.

आता मी कितीही जीव लावून मारलं तरी कागदावर गोळ्या कुठल्या कुठे जायच्या. एक मधोमध दहा गुणांच्या गोलात, दुसरी वर सातात, तिसरी उजवीकडे, चौथी पुन्हा दहात. मी तीच, रायफल तीच, श्वास तोच. आधी सगळे माझ्याकडे पाहून हसले. नाचता येईना अंगण वाकडं, असं एक पिस्तूलवाला माझ्या तोंडावर म्हणाला. त्याला मी जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग सुभेदारसाहेबांनी स्वतः मारून पाहिलं, आणखी दोघांनी पाहिलं, सगळ्यांचं तेच. तेव्हा खापर रायफलीवर फुटलं. म्हातारी झाली, नळी झिजली, खलास.

एप्रिलात क्लबची बैठक झाली. नागपूरचा एक मोठा क्लब ही रायफल घ्यायला तयार होता आणि बदल्यात पोट्ट्यांसाठी छऱ्याच्या नव्या बंदुका देणार होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी उभी राहिले. "रायफल खलास झाली हे कोनं ठरवलं?"

"टार्गेटनं ठरवलं, बाई," सुभेदारसाहेब म्हणाले. त्यांनी माझाच कागद वर धरला. "याले ग्रुप म्हनतात का? गोळ्या एका पुंजक्यात पडाव्या, हे तं चाळणी हाये."

"मंग चाळणीचं कारन शोधा ना. माणूस तापला का लगेच तिरडी बांधता का तुम्ही?"

बराच वेळ बोलाचाली झाली. शेवटी साहेबांनीच तोड काढली. सप्टेंबरात, पोळा झाल्यावर, नागपूरला स्पर्धा होती. त्या स्पर्धेत या रायफलीवर मी पुढच्या फेरीसाठी पात्र ठरले तर रायफल यवतमाळला राहील. नाही ठरले तर तिथंच, त्याच संध्याकाळी, नागपूरवाल्यांच्या हवाली. मी म्हटलं कबूल.

साहेब मनानं मोठे. मी हरणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी त्यांनी माझ्यासाठी खटपट करून परदेशी गोळ्या मागवल्या. खोक्यावर विजेचं चित्र, गोळीला तांब्यासारखी चमक. "फुल स्पीड हाये, बाई," ते म्हणाले. "यानं नाही झालं तं कायनंच होत नाही." माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकाला मी ज्यावरून झोडपते तेच ते वाक्य होतं, पण त्या क्षणी मला ते ओळखू आलं नाही. माझेही डोळे त्या चकाकीवर गेले.

मारल्या. चाळणीचा पार झारा झाला. पुढं मला कळलं की असली वेगवान गोळी आवाजाच्या पुढं पळत निघते, पन्नास मीटर गाठता गाठता तिचा वेग आवाजाच्या खाली उतरतो, आणि त्या उतारावर ती अडखळते. कागदावर नेम धरणाऱ्याला संथ, एका चालीनं जाणारी गोळी लागते. पण हे नंतरचं शहाणपण. त्या दिवशी साहेबांनी दुर्बिणीतून पाहिलं, डोळा काढला आणि हळूच विचारलं, "आता तरी पटलं का, बाई?" एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले आणि आर्णी येईपर्यंत एकाही माणसाशी बोलले नाही. आमच्या बसमधली माणसं मला ओळखतात, त्यामुळे त्यांना काळजी वाटली असणार.

मे महिना म्हणजे आमच्याकडे बियाणं तपासायचा महिना. घरचं सोयाबीन पेरायचं तर आधी उगवण पाहावी लागते. ओला बारदाना, म्हणजे गोणपाट, अंथरायचा, त्यावर दाणे ओळीनं मांडायचे, वर दुसरा ओला बारदाना घालून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं. काही दिवसांनी उघडलं की कोणत्या दाण्याला कोंब आला ते दिसतं. पोत्यावरचं चित्र, शेजाऱ्याचं सांगणं, दाण्याची चकाकी, काही उपयोगाचं नाही. बारदान्यानं सांगितलं तेच खरं. ज्यांना जमत नाही त्यांचं मी दुकानामागे करून देते, आणि वर चार गोष्टी सुनावते, त्या फुकट.

दारव्हा रोडवरच्या एका शेतकऱ्याचा बारदाना त्या आठवड्यात उघडला. एकीकडे बोटभर कोंब, त्याला लागूनच सडका दाणा, पुन्हा कोंब, पुन्हा काहीच नाही. मी विचारलं, हे कुठलं बी? तो म्हणाला, तीन वावरचं हाये ताई, कोठी एकच होती म्हणून एकात भरलं.

"तीन वावरचं एकात काहून केलं?" मी चिडले. "आता चांगलं कोन्तं अन् खराब कोन्तं, हे कसं कळन? बियाण्याले कायले नाव ठेवता, खराबी तं तुमच्या कोठीत हाये."

तो बिचारा खाली मान घालून ऐकत होता. आणि मी बोलता बोलता थांबले. माझ्यासमोर सुभेदारसाहेबांचा लाडवाचा डबा उभा राहिला. मी त्या माणसाला तिथंच सोडून आत गेले आणि ह्यांना म्हटलं, "रायफल चांगली हाये." ह्यांनी वर न पाहता विचारलं, "कोन्ती रायफल? इथं सोयाबीन चाल्लं होतं ना?"

पुढच्या रविवारी मी पहिली गाडी धरून खदानीवर पोचले. साहेबांनी कपाट उघडलं तसा मी डबा मागितला आणि चटईवर उलटा केला. साहेब "अरे अरे" करत राहिले. पॉइंट टू टूची गोळी म्हणजे करंगळीच्या दोन पेरांएवढी. हिची पेट घेणारी दारू बुडाच्या कडेत भरलेली असते, रायफलीची सुई त्या कडेवर आपटली की गोळी उडते. एकदा बनली ती बनली, तिला पुन्हा उघडून दुरुस्त करता येत नाही. म्हणजे कारखान्यातून जशी आली तशीच घ्यायची, आणि म्हणूनच निवडून घ्यायची. मी एकेक गोळी उलटी करून बुडं पाहिली. कोणावर एक अक्षर, कोणावर दुसरं. काहींना मेणाचा ओशट हात, काही कोरड्या ठाक, काही काळ्या पडलेल्या, काही त्या विजेच्या खोक्यातल्या. बारा गावचं पाणी एका रांजणात.

"साहेब," मी म्हटलं, "आपन वर्षभर तीन वावरचं बी पेरून राह्यलो, अन् शिव्या जमिनीले देऊन राह्यलो."

त्यांना पटलं नाही. म्हणजे अर्धं पटलं असावं, पण डब्याचा अपमान सहन होत नव्हता. मी कपाटातली न फोडलेली खोकी मागितली, प्रत्येक जातीची. मला ती एकेक करून रायफलीला विचारायची होती. साहेब म्हणाले, "तपासायले गोळ्या उडवायच्या? गोळ्या काय वावरात पिकतात का, बाई?"

"बारदान्यावरचे दाने वाया जातात तवाच वावर वाचते, साहेब. एक रविवार द्या फक्त."

दिला त्यांनी. मी रेतीच्या थैलीवर रायफल टेकवली, म्हणजे माझा हात हलला अशी सबब कोणाला उरायला नको. नळी स्वच्छ पुसली. एका खोक्यातल्या पहिल्या काही गोळ्या नुसत्याच मारल्या, त्या हिशेबात धरल्या नाहीत, कारण नव्या गोळीचं मेण नळीला आतून लागल्याशिवाय ती खरं बोलत नाही. मग नव्या कागदावर पाच. मग पुन्हा नळी पुसायची, दुसरं खोकं. साहेब शेजारी स्टुलावर बसून दुर्बिणीतून पाहत होते आणि प्रत्येक गोळीला उसासा टाकत होते. पहिलं खोकं, बरं. दुसरं, वाईट. तिसऱ्यातली एक उडालीच नाही, बाकीच्या पसरल्या. पिस्तूलवाले चहा पीत मागे उभे होते आणि एकमेकांना डोळे मारत होते.

चौथं खोकं कपाटाच्या तळाशी सापडलेलं. फिका पुठ्ठा, वर चित्रसुद्धा नाही, गोळी मळकट शिशाची, संथ वेगाची. इतके दिवस कोणी हात लावला नव्हता, कारण दिसायला अगदीच गरीब. मी नळीला सवय लावली आणि नव्या कागदावर मारायला सुरुवात केली. दोन-तीन गोळ्यांनंतर साहेबांचे उसासे थांबले.

मी पाच पुऱ्या केल्या. साहेब दुर्बिणीला डोळा लावून तसेच बसलेले. मग म्हणाले, "बाई, एकच मारली का?"

"नाही, पाच झाल्या."

"मंग बाकीच्या कुठी गेल्या?"

आम्ही दोघं कागदाकडे चालत गेलो. बाकीच्या कुठं गेल्या नव्हत्या. पाचही एकाच भोकातून गेल्या होत्या, भोक थोडं फाटलं होतं एवढंच. साहेबांनी त्यात करंगळीचं टोक घालून पाहिलं. मला हसू आलं, आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही एकदम. रायफल खलास नव्हती. तिला पाहिजे ते आम्ही कधी दिलंच नव्हतं. एखाद्याला एका विहिरीचं पाणी मानवतं, दुसऱ्या विहिरीचं नाही, तसं तिला हेच मानवत होतं.

त्याच कंपनीचं, त्याच रंगाचं आणखी एक खोकं होतं. साहेब खूश झाले, म्हणाले, चला, ही पण आली. मी म्हटलं थांबा. ते मारून पाहिलं तर पुंजका मोठा झाला. साहेब चक्रावले. "कंपनी तं तेच हाये." मी दोन्ही खोक्यांच्या आतल्या झाकणांवरचे आकडे त्यांना दाखवले. आकडे वेगळे. "साहेब, मी बियाणं विकते. कंपनी तेच, वाण तेच, पन लॉट बदलला का उगवण बदलते. गोळीचं बी तसंच हाये." त्या दिवसापासून ते माझ्यासाठी खुर्ची पुसून द्यायला लागले.

आनंदात एक काटा होताच. मानवलेल्या लॉटच्या गोळ्या जेमतेम स्पर्धेपुरत्या उरल्या. सरावाला एकही खर्चायची नाही. सराव मी इतर गोळ्यांवर केला, आणि पुष्कळसा तर गोळीशिवायच, नळीत वापरलेलं रिकामं काडतूस घालून. रिकाम्या नळीत या रायफलीचा घोडा दाबायचा नसतो, सुई नळीच्या काठावर आपटून काठ दुखावतो. घरी रायफल आणता येत नाही, म्हणून दुकान बंद झाल्यावर बियाण्याच्या थप्प्यांमागे पालथी पडून फवारणीची दांडी खांद्याला लावायची. ह्यांनी एकदा तसं पाहिलं आणि म्हणाले, "माव्याले नेम धरून राह्यली का?"

त्या गोळ्या कपाटात ठेवायच्या होत्या, आणि साहेबांच्या हातांवर माझा भरवसा नव्हता. माणूस बदलतो, हात बदलत नाहीत. बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्याला आम्ही लाल रंग लावतो, कोणी चुकून खायला नेऊ नये म्हणून. तो रंग मी डबीत घेऊन गेले आणि प्रत्येक गोळीच्या बुडाला मधोमध एक ठिपका दिला. सुई कडेवर आपटते, त्यामुळे मधल्या ठिपक्यानं काही बिघडत नाही. साहेब बघत होते. "गोळीले कुंकू लावता का, बाई?"

"कुंकू नाही साहेब, बीजप्रक्रिया हाये."

पोळा झाला. साहेबांच्या जीपनं आम्ही नागपूरला निघालो, मागे रायफल, तिचे कागद आणि गोळ्या. वाटेत पाऊस लागला तसं साहेबांनी टपाखाली जाऊन काहीतरी आवराआवर केली. मी कानात बोळे घालून डोळे मिटून बसले होते, लक्ष दिलं नाही.

स्पर्धेच्या मैदानावर पोचल्यावर पहिली दिसली ती पेटी. नागपूरच्या त्या क्लबचा माणूस, मोठा सभ्य, इस्त्रीचे कपडे, रायफलीची रिकामी पेटी घेऊन आला होता. आत स्पंजात आमच्या रायफलीच्या मापाचा खळगा कापून ठेवलेला. त्यानं ती आमच्या बाकाशेजारीच ठेवली. मापसुद्धा घेऊन ठेवलंय यांनी, मी मनात म्हटलं.

मी गोळ्या मागितल्या. साहेबांनी पिशवीत हात घातला आणि लाडवाचा डबा बाहेर काढला.

मी डब्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. त्यांनाही त्याच क्षणी कळलं. पावसानं पुठ्ठ्याचं खोकं ओलं व्हायला लागलं होतं, म्हणून त्यांनी मायेनं, भिजू नये म्हणून, गोळ्या डब्यात ओतल्या होत्या. आणि डब्यात आधीच सरावाच्या उरलेल्या पडलेल्या होत्या. इतकी वर्षं फौजेत काढलेला माणूस, पण उभ्या उभ्या खाली बसला. "बाई," ते म्हणाले, "मी आपल्या हातानं घालवली रायफल."

एरवी मी त्यांना सोललं असतं. पण त्यांच्याकडे पाहून माझा राग गिळला गेला. मी म्हटलं, "उलटा करा डबा."

चटईवर गोळ्या ओतल्या. मी सगळ्या उभ्या केल्या, बुडं वर. लाल ठिपके असे उठून दिसले की आंधळ्यानंही वेचावेत. साहेबांनी चष्मा लावला आणि माझ्यासोबत गुडघ्यावर बसून वेचायला लागले. एकेक लाल बाजूला. शेवटची वेचल्यावर ते म्हणाले, "एक बी कमी नाही." आणि मग, "तुमाले ठाऊक होतं ना, मी असं करीन?" मी म्हटलं, "साहेब, मी दुकानदार हावो. गिऱ्हाईक काय करते ते आधी पाहून ठेवते."

जाकीट घालून मी पालथी झाले. पट्टा आवळला. रायफल खांद्यात बसली, चिकटपट्टीची खरखर गालाला लागली, आणि कॉलेजातली ती पोरगी माझ्यात परत आली. वारा डावीकडून, झेंडे फडफडत होते. मी पहिली गोळी मारली आणि दुर्बिणीत पाहिलं. दहा. दुसरी दहा. पुढं एक वाऱ्याच्या झोतात नवात गेली, ती माझी चूक, मी घाई केली. झेंडा खाली बसायची वाट पाहायला लागले. घाम भुवईवरून डोळ्यांत येत होता. पुन्हा दहा, पुन्हा. आता मला रायफलीची काळजी उरली नव्हती. मी जिथं बघते तिथं ती टाकते, हे ठाऊक असलं की माणूस किती हलका होतो ते सांगता येत नाही. फक्त आपलं काम करायचं असतं. शेवटची गोळी मारून मी रायफल उघडून रिकामी केली, गाल दस्त्यावर टेकवला आणि तशीच पडून राहिले.

निकाल फळ्यावर लागायला वेळ लागला. साहेब फळ्याजवळून हलले नाहीत. मी बाकावर बसून शेंगदाण्याचा लाडू खात होते, त्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. मग ते येताना दिसले. चालत नव्हते, परेड करत होते. माझ्यासमोर येऊन टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. आजूबाजूचे लोक पाहायला लागले.

"पात्र," ते म्हणाले. "अन् नुसत्या पात्र नाही. तुमच्या गटात पहिल्या."

मी रडले. लपवायचं काही कारण नव्हतं, घाम तर आधीच होता. ह्यांना फोन लावला. ते म्हणाले, "आज दुकान बंद करतो. उद्या साऱ्या गिऱ्हाइकायले मीच सांगन." मागून कोणीतरी औषध मागत होतं, त्याला ह्यांनी सांगितलं, थांब बापा, बायको पहिली आली.

इस्त्रीच्या कपड्यांचा माणूस आला. अभिनंदन केलं, मनापासून केलं, खोटं बोलणार नाही. माझा कागद मागून पाहिला आणि विचारलं, "मॅडम, गोळी कोणती वापरली?" मी फिका पुठ्ठा दाखवला. तो म्हणाला, आम्ही तर ही घेतच नाही. मी म्हटलं, तुमच्या रायफलीले विचारून पाहा. मग त्यानं पेटीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. "मग ही?"

"रिकामी आनली तशी रिकामी न्या," साहेब म्हणाले.

जीपकडे जाताना रायफल नेहमी साहेब उचलायचे. क्लबची वस्तू, जबाबदारी त्यांची. त्या दिवशी त्यांनी कागदांची पिशवी काखेत मारली, लाडवाचा डबा हातात घेतला, आणि रायफल माझ्या हातांत दिली. बसलो. यवतमाळच्या अलीकडे घाट लागला तेव्हा त्यांनी समोर रस्त्याकडे बघतच विचारलं, "येत्या रविवारी येता ना, बाई?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मांडीवरच्या रायफलीवर हात ठेवून मी म्हटलं, हाव.